वैयक्तिक कारणास्तव

पाडव्याच्या दिवशी धाकट्या बहिणीचा मुलगा फराळाला आला. एरवी चकलीवर तुटून पडणारा भाचा बशी हातात घेऊन नुसताच बसून राहिला. मग म्हणाला, "मामा, गच्चीवर येतोस? जरा बोलायचं होतं."

भाचा एका खासगी प्रयोगशाळेत पाणी आणि सांडपाणी तपासायचं काम करतो. कारखाने नमुने पाठवतात, हा तपासतो, रिपोर्टवर सही करतो. गेले काही महिने साहेब त्याला सांगताहेत की रिपोर्ट 'पार्टीला चालेल असा' हवा. आकडा फार नाही बदलायचा, मर्यादेच्या जरा आत आणायचा. घराचे हप्ते चालू आहेत, सुनबाईला पाचवा महिना आहे. गच्चीच्या कठड्याला टेकून तो म्हणाला, "आई नेहमी सांगते, मामाने तत्त्वासाठी नोकरी सोडली. मीही सोडू का?"

ही गोष्ट आमच्या घरात चाळीस वर्षं सांगितली जाते आहे. लग्नाकार्यात, बारशाला, एकदा तर कोणाच्या तेराव्यालाही. मी कधी ती थांबवली नाही. त्या दिवशी मात्र मला पटकन उत्तर देता येईना. "मला थोडे दिवस दे," एवढंच म्हणालो.

ते दिवस मी एका परदेशी माणसाच्या विचारात घालवले. त्याचं नाव जोसेफ रॉटब्लॅट. आपल्या अंकात लिहायला हा विषय जरा लांबचा वाटेल, पण माझ्या घरात तो तीस वर्षं वावरतो आहे, म्हणून लिहितो.

१९९५ च्या ऑक्टोबरमध्ये मी इथे वडोदऱ्यातच एका शाळेत विज्ञान शिकवत होतो. त्या वर्षीचं शांततेचं नोबेल अर्धं रॉटब्लॅट यांना आणि अर्धं त्यांनी वाढवलेल्या 'पग्वॉश' या परिषदेला मिळालं. पेपरात चौकटीत बातमी होती: अमेरिकेचा अणुबॉम्ब तयार होत असताना नैतिक कारणासाठी ते काम मध्येच सोडून गेलेले एकमेव शास्त्रज्ञ. मी ती बातमी कापून शाळेच्या फलकावर लावली आणि खाली रंगीत खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'नाही म्हणणारा माणूस'. मुलांना त्यावर तासभर सांगितलं. सांगताना माझा आवाज चढला होता. कारण मुलांना माहीत नव्हतं तरी मला माहीत होतं, की नाही म्हणणारा आणखी एक माणूस त्यांच्यासमोर उभा आहे!

रॉटब्लॅट यांची सगळी हकिगत मी वाचली ती निवृत्तीनंतर, सावकाश.

त्यांचा जन्म १९०८ साली वॉर्सात, ज्यू कुटुंबात झाला. वडिलांचा घोडागाड्यांनी मालवाहतुकीचा धंदा होता. पहिल्या महायुद्धात तो बुडाला आणि खायचे वांधे झाले. मुलगा दिवसा इलेक्ट्रिशियनचं काम करायचा आणि रात्री भौतिकशास्त्र शिकायचा. १९३८ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली आणि १९३९ मध्ये ते इंग्लंडात लिव्हरपूलला जेम्स चॅडविक यांच्याकडे गेले. हे चॅडविक म्हणजे न्यूट्रॉन शोधणारे, आपल्या नववी-दहावीच्या पुस्तकात असतात ते. बायकोला, टोलाला, सोबत नेण्याइतके पैसे नव्हते. चॅडविकनी फेलोशिप देऊन उत्पन्न दुप्पट केलं, तेव्हा ऑगस्टअखेर रॉटब्लॅट तिला आणायला वॉर्साला गेले. नेमकं तिचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेलं, प्रवास करण्यासारखी तब्येत नव्हती. 'तू पुढे हो, मी बरी झाले की येते,' असं ठरलं. ते निघाले आणि १ सप्टेंबरला जर्मनीने पोलंडवर हल्ला केला.

पुढचे कित्येक महिने ते तिला बाहेर काढायचा प्रयत्न करत होते. डेन्मार्कमार्गे, मग बेल्जियममार्गे, मग इटलीमार्गे. प्रत्येक वेळी युद्ध तिच्या आधी तिथे पोचलं. टोला नाझींच्या संहारात गेली. रॉटब्लॅट ९६ वर्षं जगले, त्यांनी दुसरं लग्न केलं नाही.

हे मुद्दाम सांगतो, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळत नाही. अणुबॉम्ब करता येईल हे त्यांच्या लक्षात फार लवकर आलं होतं, आणि ते हादरले होते. असल्या कामाला हात लावायचा नाही असंच त्यांना वाटत होतं. पण पोलंड पडलं. हिटलरकडे बॉम्ब आला तर काय, या भीतीने त्यांनी स्वतःची समजूत घातली: आपल्याकडेही असला म्हणजे तो वापरणार नाही. १९३९ च्या नोव्हेंबरात ते आपली योजना घेऊन चॅडविककडे गेले. चॅडविक नुसते घशातल्या घशात काहीतरी हुंकारले. काही दिवसांनी म्हणाले, कामाला लागा.

म्हणजे हा माणूस आधी 'हो' म्हणाला होता. माझ्या फलकावर हे नव्हतं.

१९४४ च्या सुरुवातीला ते अमेरिकेत लॉस अलामोसला पोचले. चॅडविकच्याच घरी राहत होते. मार्चमध्ये तिथे जेवायला प्रकल्पाचे लष्करी प्रमुख जनरल ग्रोव्ह्ज आले आणि गप्पांच्या ओघात बोलून गेले की या बॉम्बचा खरा हेतू रशियाला वठणीवर आणणं हा आहे. त्या वेळी रशिया दोस्तराष्ट्र होता, त्यांची माणसं रोज हजारोंनी मरत होती. रॉटब्लॅट यांच्या घशाखाली जेवण उतरलं की नाही कोण जाणे. पुढे त्यांना लॉस अलामोसमध्ये स्वतंत्र खोली मिळाली. त्यांच्याकडे लांबची स्टेशनं पकडणारा रेडिओ होता. सकाळी आठ वाजता नील्स बोर त्यांच्या खोलीवर बीबीसीच्या बातम्या ऐकायला येत. एवढा मोठा माणूस, कोणाच्या तरी खोलीत बातम्यांना येऊन बसतो, याची मला फार गंमत वाटते. आपल्याकडे पूर्वी वाड्यात एकाच घरी रेडिओ असे, तसं. बातम्या संपल्या की बोर आपली काळजी बोलून दाखवत: युद्धानंतर दोन्ही बाजू एकमेकींच्या पुढे जायला बॉम्ब करत सुटतील.

वर्षाअखेर स्पष्ट झालं की जर्मनीकडे बॉम्ब नाही आणि होणारही नाही. ज्या कारणासाठी आलो ते कारणच संपलं. रॉटब्लॅट यांनी जायची परवानगी मागितली.

परवानगी मिळण्याआधी त्यांच्या नावाची फाइल पुढे आली. त्यात ते हेर असल्याचा आरोप होता, रशियाला गुपितं पोचवायचा त्यांचा बेत आहे म्हणून. फाइलमधल्या तारखाच जुळत नव्हत्या, त्यांनी त्या दाखवून दिल्या आणि आरोप कोसळला. तरी एक अट राहिली. आपण का जातो आहोत हे सहकाऱ्यांना सांगायचं नाही. सांगायचं काय? तर पोलंडमध्ये अडकलेल्या बायकोची काळजी वाटते म्हणून. काळजी खरीच होती, पण जाण्याचं कारण ते नव्हतं.

१९४४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी ते बोटीने इंग्लंडला निघाले. त्याआधी त्यांच्या मदतनिसाने करून दिलेल्या पेटीत सगळे कागद भरले होते, संशोधनाच्या वह्या, पत्रं. वॉशिंग्टनला चॅडविकनी स्वतः हात लावून ती पेटी गाडीत चढवली. न्यूयॉर्कला उतरताना पेटी नव्हती. ती कधीच सापडली नाही.

'बायकोची काळजी' हे शब्द मी वाचले आणि पुस्तक मिटून ठेवलं.

आता माझी गोष्ट, जी घरात कोणाला पूर्ण माहीत नाही.

१९७९ मध्ये मी वडोदऱ्याजवळच्या एका रंगाच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून लागलो. काम सांडपाणी तपासायचं. नमुना घ्यायचा, आम्ल आणि डायक्रोमेट घालून दोन तास उकळायचा, थंड करून टायट्रेशन करायचं. हिरवट-निळा रंग एका थेंबाने विटकरी होतो, तिथे थांबायचं आणि आकडा लिहायचा. पाण्याला किती ऑक्सिजन लागेल, म्हणजे त्यात किती घाण आहे, ते त्या आकड्यावरून कळतं. मर्यादा २५० ची होती. माझा आकडा कधी १,२०० यायचा, कधी १,९००. साहेब वाईट माणूस नव्हता. माझ्या बहिणीच्या लग्नाला आगाऊ पगार त्यानेच मंजूर केला. तो फक्त म्हणायचा, "भाऊ, आकडा जरा व्यवस्थित लिहा." मी २४० लिहायचो. कधी २३५, सारखा एकच आकडा दिसायला नको म्हणून. चौदा महिने मी असं लिहिलं आणि खाली सही केली.

मग एके दिवशी नाल्याच्या तोंडाशी नमुना घ्यायला गेलो असताना पलीकडे एक बाई भांडी घासताना दिसली. पाणी गडद तांबडं होतं, तिचे हात मनगटापर्यंत त्याच रंगाचे. दुसऱ्या दिवशी मी राजीनामा दिला. त्यात कारण लिहिलं: 'वैयक्तिक कारणास्तव'.

साहेबाला वाटलं मला दुसरीकडे जास्त पगार मिळाला. माझ्या जागी जो मुलगा आला त्याला मी जाताना टायट्रेशन शिकवलं, ब्युरेट कुठे ठेवतो ते दाखवलं, 'आकडा व्यवस्थित' लिहिण्याबद्दल एक शब्दही बोललो नाही. माझ्याजवळ खऱ्या आकड्यांची वही होती. ती मी घरी आणून बंबात घातली. नाला कुठे जातो, त्या गावाचं नाव काय, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्या गावात मी एकदाही गेलो नाही. शाळेत लागलो, चाळीस मिनिटांचे तास घेतले, घरात 'तत्त्वाचा माणूस' म्हणून मिरवलो.

रॉटब्लॅट यांच्याबद्दल माझा समज असा होता की त्यांची मोठी गोष्ट १९४४ च्या डिसेंबरमध्ये संपली. सोडलं, झालं. पण हिशेब करून पाहा. लॉस अलामोसमध्ये ते होते एक वर्षसुद्धा नाही. त्यानंतर ६० वर्षं जगले. आणि बॉम्ब त्यांच्या जाण्याने एक दिवसही लांबला नाही. ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमाची बातमी त्यांनीही, इतर सगळ्यांसारखी, रेडिओवरच ऐकली.

त्यानंतर त्यांनी जे केलं, त्याला आता अण्वस्त्र नियंत्रणाचं तज्ज्ञपण म्हणतात. आज त्याच्या पदव्या मिळतात, खुर्च्या असतात, व्हिएन्नात आणि जिनिव्हात कचेऱ्या आहेत. तेव्हा असं काही नव्हतं. युद्धानंतर लगेच त्यांनी इंग्लंडातल्या शास्त्रज्ञांची संघटना उभी करायला हातभार लावला आणि 'ॲटम ट्रेन' काढली. आगगाडीच्या डब्यांत अणुशक्तीचं प्रदर्शन मांडून ती गावोगाव फिरवली, म्हणजे लोकांना निदान कळावं तरी. स्वतःचा विषय बदलला. १९५० च्या सुमारास लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक झाले. किरणोत्सर्गाने शरीराचं काय होतं याचा अभ्यास, उंदरांवर वर्षानुवर्षं प्रयोग. एका मोठ्या भौतिकशास्त्रज्ञाने हे करावं याचं काहींना नवल वाटलं असणार.

हा अभ्यास लगेच कामाला आला. १ मार्च १९५४ ला अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. लांबवर मासेमारी करणाऱ्या एका जपानी बोटीवर पांढरी राख पडली. २३ खलाशी आजारी पडले, त्यांतला रेडिओ ऑपरेटर सप्टेंबरमध्ये गेला. एका जपानी शास्त्रज्ञाने त्या राखेची मोजमापं केली होती, ती रॉटब्लॅट यांच्या हाती आली. त्यांनी गणित मांडलं आणि त्यांच्या लक्षात आलं की अधिकृतपणे सांगितलं जातंय त्यापेक्षा हा किरणोत्सर्ग कितीतरी जास्त आहे, आणि बॉम्बची रचनाच तशी तीन टप्प्यांची आहे. राखेवरून चूल ओळखली म्हणा ना. मी आयुष्यभर प्रयोगशाळेत काढलेला माणूस, मला हा भाग सर्वांत आवडतो. त्यांनी आकडा काढला आणि १९५५ साली छापला. व्यवस्थित केला नाही.

बीबीसीच्या एका कार्यक्रमात त्यांची बर्ट्रांड रसेल यांच्याशी ओळख झाली होती. रसेलनी जगातल्या शास्त्रज्ञांच्या वतीने एक जाहीरनामा लिहिला आणि आइन्स्टाइनना सहीसाठी पाठवला. १९५५ च्या एप्रिलमध्ये रसेल विमानात असताना आइन्स्टाइन गेल्याची बातमी आली. सगळं फसलं असं वाटत असताना पॅरिसला उतरल्यावर पत्र हातात पडलं: आइन्स्टाइन मरणाआधी सही करून गेले होते. सही करणारे एकूण ११, त्यांत वयाने सर्वांत लहान रॉटब्लॅट. ९ जुलैला लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये तो जाहीरनामा वाचला गेला तेव्हा पत्रकार परिषदेचं अध्यक्षपद त्यांच्याकडेच होतं.

जाहीरनामे पुष्कळ निघतात. आपल्या मंडळातही निघालेत. पुढे कोणीतरी पत्रं लिहावी लागतात, तिकिटं काढावी लागतात, कोणाला शाकाहारी लागतं ते बघावं लागतं. ते काम रॉटब्लॅट यांनी अंगावर घेतलं. शास्त्रज्ञांची पहिली बैठक खरं तर भारतात व्हायची होती. नेहरूंनी बोलावलं होतं आणि १९५७ च्या जानेवारीत दिल्लीला जमायचं ठरलं होतं. सुएझचं प्रकरण पेटलं आणि बेत रद्द झाला. मग सायरस ईटन या उद्योगपतीने कॅनडातल्या आपल्या गावी बोलावलं, खर्चही उचलला. गावाचं नाव पग्वॉश, मासेमारांची वस्ती. १९५७ च्या जुलैमध्ये तिथे १० देशांचे २२ जण जमले. अमेरिकेचे सात, रशियाचे तीन, जपानचे तीन, चीनचा एक. दिल्लीला झाली असती तर आज त्या चळवळीला आपल्याकडचं नाव असतं, असं मनात आल्याशिवाय राहत नाही.

नियम साधे होते. इथे कोणी सरकारचा प्रतिनिधी नाही, प्रत्येक जण स्वतःपुरता. आत जे बोललं जाईल ते बाहेर नावानिशी सांगायचं नाही. आता रशियातून आलेला माणूस खरंच स्वतःपुरता असायचा का? नसणारच. पश्चिमेत कितीतरी जणांना ही कम्युनिस्टांची चाल वाटायची, आणि त्यांचा संशय अगदीच निराधार होता असं मला म्हणवत नाही. रॉटब्लॅट हे ओळखून होते. तरीही ते बोलावत राहिले. १९५७ ते १९७३ ते पग्वॉशचे सरचिटणीस होते, कॉलेजची नोकरी सांभाळून. लंडनला ब्रिटिश म्युझियमसमोर एक छोटं ऑफिस होतं.

त्या बैठकांतून काय निघालं ते दोन उदाहरणांत सांगतो.

चाचणीबंदीचं घोडं अडलं होतं ते तपासणीवर. जमिनीखाली गुपचूप स्फोट केला तर कळणार कसं? अमेरिका म्हणे, आमची माणसं आत येऊन बघतील. रशिया म्हणे, म्हणजे तुमचे हेर. १९६२ मध्ये लंडनच्या पग्वॉश बैठकीत काही रशियन आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी मिळून सुचवलं की भूकंप नोंदवणाऱ्या बंद पेट्या ठेवा. माणूस नको. कोणी छेडछाड केली तर लगेच कळेल अशा सीलबंद. त्या वर्षाअखेर ख्रुश्चेव्हनी केनेडींना लिहिताना हीच कल्पना पुढे केली. किती पेट्या आणि किती तपासण्या यावर गाडं पुन्हा अडलं, आणि ऑगस्ट १९६३ च्या करारात जमिनीखालच्या चाचण्या सुटल्या. पण हवेतल्या, पाण्यातल्या, अंतराळातल्या बंद झाल्या. बिकिनीची ती राख पडायची थांबली, निदान हे तीन देश सही करणारे होते त्यांच्यापुरती.

दुसरं उदाहरण आपल्या शेजारचं. १९६४ च्या जानेवारीअखेर पग्वॉशची बारावी परिषद उदयपूरला भरली. इथून रात्रीच्या बसने सकाळी पोचता येतं, तिथे. त्या परिषदेत जॅक रुइना आणि मरे गेलमान या दोघा अमेरिकनांनी एक निबंध मांडला. त्यातलं म्हणणं आधी उलटंच वाटतं: क्षेपणास्त्रं अडवणारी ढाल बांधू नका. तुम्ही ढाल बांधलीत की समोरचा घाबरून दुप्पट भाले करणार, मग तुम्ही ढाल मोठी करणार, याला शेवट नाही. रशियनांना हे पटेना. स्वतःचं रक्षण करण्यात गुन्हा काय? पण पुढच्या बैठकांतून तेच बोलणं पुन्हा पुन्हा होत राहिलं. आठ वर्षांनी, मे १९७२ मध्ये, दोन्ही देशांनी ढालींवर मर्यादा घालणारा करार केला. श्रेय सगळं पग्वॉशचं नाही, सरकारांचीही कारणं होती. पण ज्या वादाला वॉशिंग्टनमध्ये आणि मॉस्कोत उघड जागा नव्हती, त्याला उदयपूरमध्ये मिळाली.

अशा शेकडो बैठका. मधल्या काळात जगातली अण्वस्त्रं वाढतच होती. १९८६ च्या सुमारास ती सत्तर हजारांपर्यंत गेली. म्हणजे हा माणूस तीस वर्षं काम करत होता आणि आकडा वाढत होता. आज तो बारा हजारांच्या आसपास आहे. १९९५ मध्ये नोबेल मिळालं तेव्हा फ्रान्सने पुन्हा चाचण्या सुरू केल्या होत्या. ८७ व्या वर्षी ऑस्लोला उभं राहून त्यांनी शास्त्रज्ञांना सांगितलं की तुमच्या हातून काय घडतं त्याची जबाबदारी तुमची आहे. डॉक्टरांसारखी शपथ शास्त्रज्ञांनाही हवी, असं ते सांगत राहिले.

एक कबुली इथेच देतो. १९९८ च्या मे महिन्यात पोखरण झालं तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले. मीही खाल्ले. फलकावर रॉटब्लॅट लावून तीन वर्षंही झाली नव्हती. ते कुठल्याच देशाच्या बॉम्बच्या बाजूचे नव्हते, हे मला माहीत होतं. आपल्या देशाला काय हवं होतं यावर माझं मत आजही डळमळतं. पण पेढा गोड लागला होता, हे खरं.

आपण लॉस अलामोस का सोडलं याची सविस्तर हकिगत रॉटब्लॅट यांनी १९८५ साली लिहिली, चाळीस वर्षांनी. ती मी भाच्याच्या प्रश्नानंतर पुन्हा वाचली. त्यात स्वतःची आरती नाही. इतर का थांबले हेच ते शोधतात. कोणाला कुतूहल, गणित बरोबर आलं का ते बघायचं होतं. कोणाला वाटत होतं, आधी युद्ध संपू दे, मग बोलू. कोणाला पुढच्या नोकरीची भीती. बहुतेकांना तर प्रश्नच पडला नव्हता. ही यादी वाचताना मला कारखान्याची प्रयोगशाळा दिसत होती, एकेक खुर्चीसकट. त्यात माझी खुर्ची रिकामी होती आणि त्या रिकाम्या खुर्चीचं काही कौतुक वाटेना.

तुळशीच्या लग्नाला भाचा आला, तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. चौदा महिने, २४०, बंबात घातलेली वही. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे सोडू नको म्हणतोस?"

"सोड किंवा नको सोडूस, ते तू आणि सुनबाई ठरवा," मी म्हटलं. "वही मात्र जाळू नकोस. आणि सोडलीस तर कारण लिही."

बहीण स्वयंपाकघरातून ऐकत होती. तिने भांडी जरा जोरात आपटली. चाळीस वर्षांची गोष्ट मोडली म्हणून, की भाऊ खोटा ठरला म्हणून, मी विचारलं नाही. अजून ती माझ्याशी नीट बोलत नाही.

भाच्याने नोकरी सोडलेली नाही. साहेबांना त्याने लेखी दिलं की माझ्या सहीखाली मी काढलेलाच आकडा जाईल. त्यांनी त्याला रिपोर्टवरून काढून नमुने गोळा करण्यावर टाकलं. पगार तोच आहे, पण दिवाळीला मिळतो तो बोनस पुढच्या वेळी मिळेल असं त्याला वाटत नाही. दुसऱ्या ठिकाणी अर्ज केले आहेत.

जानेवारीतल्या एका रविवारी तो स्कूटर घेऊन दारात आला. डिकीत सहा बाटल्या आणि बर्फाचा डबा. "मामा, ते गाव दाखव," म्हणाला. मी दाखवलं, म्हणजे विचारत विचारत शोधलं. नाला आता वरून बंद केला आहे, सिमेंटच्या फरशा घातल्यात. गावाच्या टोकाला एक हातपंप होता. भाच्याने आधी पाच मिनिटं पाणी नुसतं वाहू दिलं, मग बाटली भरली. पाणी स्वच्छ दिसत होतं. दिसण्यावरून काही कळत नाही हे आम्हां दोघांनाही माहीत होतं. बाटलीवरच्या चिठ्ठीत जागा, तारीख, वेळ लिहून त्याने 'नमुना घेणाऱ्याचं नाव' या रकान्यासमोर पेन माझ्या हातात दिलं.

पंपाशेजारी खाटेवर एक म्हातारे काका बसले होते. माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठे असतील. त्यांनी विचारलं, "क्यांथी आव्या?"

"वडोदराथी."

"कंपनीवाळा छो?"

भाच्याने नाही म्हणायला तोंड उघडलं. मी म्हटलं, "पहेलां हतो. चालीस वरस पहेलां."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, बाटलीकडे पाहिलं, आणि खाटेवर एका बाजूला सरकून म्हणाले, "बेसो."